चाक आणि रिंगण



पायी वारीत चाकाचं काय काम, असं कुणी विचारील. पण आम्हा सातारा-सांगलीकडच्या वारकऱ्यांचं ओझं चाकानंच वाहिलं.

पूर्वी दिंडीच्या सामानाला बैलगाडी असे. सुतार तुंबा, आरे, पाटे जुळवी. लोहार धाव लाल तापवून चाकावर चढवी नि पाणी ओती. लोखंड आकसलं की सगळे सांधे घट्ट आवळत. पुढं १९१० साली औंध संस्थानात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. नांगर, चरक, पंप आले. विहिरीवरचं मोटेचं चाक हळूहळू थांबलं. आमच्या दिंडीतही गाडी गेली, ट्रक आला. म्हाताऱ्याकोताऱ्यांची सोय झाली, हे खरंच. पण ट्रक पुढं निघून जातो. गाडी आमच्या पावलानं चाले.

आरफळच्या हैबतबाबांनी घालून दिलेल्या सोहळ्यात तरडगावाजवळ चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं, पुढं पुरंदावड्याला गोल. मधे माउलींची पालखी, भोवती दिंड्या, त्यांच्याभोवती अश्व धावतो. आम्हाला ते मोठं चाकच दिसतं.

गाडीचा आख स्वतः फिरत नाही, म्हणून चाक फिरतं. विठोबा विटेवर उभा आहे, म्हणून आमची वारी फिरते.