तंजावरची भिंत : वंश, बखर आणि शिलालेख

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराविषयी दोन लोकश्रुती दूरवर प्रचलित आहेत. विमानाची सावली भूमीवर पडत नाही, ही एक. आणि माथ्यावरची प्रचंड शिळा एकसंध असून ती कोसभर लांब उतरण बांधून वर चढवली, ही दुसरी. सावली पडते, हे कोणत्याही सकाळी प्रांगणात उभे राहणाऱ्यास दिसते. परंतु कर्ता विस्मरणात गेला की त्याची जागा आश्चर्य घेते. माहात्म्यग्रंथाने तर हे मंदिर कुष्ठरोगातून मुक्त झालेल्या करिकाल चोळाच्या नावे लावले. वास्तविक ते पहिल्या राजराजाचे. १०१० मध्ये ते पूर्ण झाले, आणि स्वतःची, बहीण कुंदवैची व राण्यांची दाने त्याने तेथेच दगडात कोरविली. चारशे नर्तिकांची नावेही त्यांत आहेत. कर्त्याचे नाव भिंतीवरच होते. वाचणारा उरला नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हुल्ट्झ यांनी ते लेख वाचले, तेव्हा राजराज पुन्हा हाती लागला.

याच मंदिराच्या आवारभिंतीवर १८०३ मध्ये दुसऱ्या सरफोजीने भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले. मराठी वाङ्मयेतिहासात त्याचा निर्देश बहुधा ‘सर्वांत मोठा शिलालेख’ एवढ्यावरच आटोपतो. लांबीचा हा अभिमान काहीसा बालिशच म्हणावा लागेल. विचारावयास हवे ते हे, की बखरीच्या जातीचा मजकूर दगडावर का गेला?

बखर ही नकलांवर जगणारी रचना. नक्कल करणारा एखादी हकिकत वाढवतो, एखादी गाळतो. दगडावर ही मुभा संपते, आणि सरफोजीला नेमके तेच हवे असावे. तो तुळजाजीचा दत्तक पुत्र. १७८७ मध्ये त्याला डावलून अमरसिंग गादीवर बसला होता. १७९८ मध्ये कंपनीने सरफोजीस राज्य दिले आणि १७९९ च्या तहाने राज्यकारभार आपल्याकडे घेतला. ज्याचा वारसा वादग्रस्त आणि सत्ता नाममात्र, त्याने वंशावळ भिंतीवर स्थिर करावी, यात दर्पापेक्षा निकड अधिक दिसते. त्याच वर्षी असईला शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा पराभव झाला, हा योगायोगही दृष्टीआड करता येत नाही.

लेखाचा कर्ता बाबूराव हा पदाने चिटणीस. साताऱ्यास मल्हार रामराव चिटणीस यांनी शिवचरित्र लिहिले ते १८१० च्या सुमारास. क्षीण होत चाललेल्या दोन भोसले दरबारांत दोन चिटणीस घराण्याचा इतिहास सिद्ध करीत होते, ही तुलना अद्याप पुरेशी झालेली नाही. साताऱ्याचा ग्रंथ मराठी वाचकांत राहिला. तंजावरच्या लेखाभोवती तमिळ भाविकांची वर्दळ होती. राजराजाचे लेख मंदिराच्या नित्य व्यवहारास उपयोगी होते, कोणाला काय मिळावयाचे याची ती नोंद होती. सरफोजीच्या लेखाला असा रोजचा वाचक कधी लाभला नाही.

१८५५ मध्ये दुसरा शिवाजी निपुत्रिक वारला आणि पुढे गादीच उरली नाही. तंजावरची मराठी घरे मात्र उरली. त्यांची मराठी तमिळ वळणाची आहे, आणि त्यांतल्या अनेकांचे शिक्षण तमिळमधून झाले. घरात मराठी बोलणारे हे लोक त्या भिंतीपाशी येतात, तेव्हा बाळबोध अक्षरे त्यांतल्या कित्येकांना परकीच असतात.