रात्रीचा नाद आणि शेजाऱ्याची झोप

काही वर्षांपूर्वी आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात गाण्याची बैठक ऐन रंगात आली असता शेजारच्या घरातील एक वयस्क गृहस्थ दाराशी येऊन उभे राहिले. घरात आजारी माणूस आहे, एवढेच ते म्हणाले. भैरवी न होताच बैठक उठली. त्या रात्री आमच्यापैकी अनेकजण रुष्ट झाले, आणि आपल्या पूर्वजांच्या तंजावुरात असे कधी घडले नसते, असा उद्गारही निघाला. तो कितपत खरा, हे पाहावे म्हणून हा लेखनप्रपंच.

व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत, म्हणजे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ, तंजावुरात मराठ्यांचे राज्य होते. शहाजीराजांनी नाटके रचली, सरफोजीराजांनी पाश्चात्य वाद्यांचा बँडही पदरी ठेवला. मराठी कीर्तन तेथे इतके रुजले की त्याच्या धाटणीवर कृष्ण भागवतरांनी पुढे तमिळ हरिकथा उभी केली. भजनमठांतून अभंग घुमत. जवळच्या मेलट्टूर गावी नृसिंहजयंतीच्या सुमारास होणारा भागवतमेळा मंदिरासमोरच्या रस्त्यावरच रात्री उभा राहतो आणि उजाडता उजाडता संपतो, ही रीत जुनी. तेथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंची घरे हाच प्रेक्षागार. प्रल्हादाची भूमिका करणारा मुलगा कोणाचा पुतण्या, तर मृदंगावरचा हात कोणाच्या मामाचा. अशा ठिकाणी झोपमोडीची तक्रार करणारा शेजारी आणायचा कोठून?

दक्षिणेकडील लग्नात मंगळसूत्र बांधतेवेळी नागस्वरम् व तविल यांचा एकच कल्लोळ उठतो. त्यास केट्टि मेळम् म्हणतात. शिंकेसारखा अशुभ मानलेला आवाज त्या क्षणी कोणाच्या कानी पडू नये, हा त्यामागील हेतू. एका आवाजाने दुसरा झाकावा, ही युक्ती आमच्या मंडळींस पूर्वापार ठाऊक होती, हे येथे सहज नोंदवून ठेवतो. पुढे त्याचे काम पडणार आहे.

तथापि जुने दिवस सर्वांनाच गोड होते, असे मानण्यास आम्ही तयार नाही. राजाच्या पदरच्या वाद्यांविरुद्ध दाद मागावयाची ती कोणाकडे? पहाटे शेतावर जाणाऱ्या मजुराला ती रात्रभराची संगत कशी वाटे, हे कोणी विचारले असेल असे वाटत नाही. तक्रार झाली नाही, एवढ्यावरून संमती होती असे ठरत नाही.

राज्य खालसा झाल्यावर चारच वर्षांनी, १८५९ च्या कायद्याने, मद्रास इलाख्यातील जिल्ह्यांत मिरवणुका आणि रस्त्यांवरील वाद्यवादन यांचे नियमन पोलिसांच्या हाती गेले. १८८२ मध्ये सेलम येथे मशिदीवरून वाजतगाजत जाण्याच्या वादातून दंगल उसळली व प्रकरण मद्रासच्या उच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. वाजविणारा आणि ऐकणारा हे आता दोन भिन्न पक्ष झाले होते.

त्यांच्यातील अंतर खरे वाढविले ते ध्वनिक्षेपकाने. मानवी कंठाची मजल गल्लीच्या टोकापर्यंत. कर्णा चार गल्ल्या ओलांडून अशा घरात शिरतो जेथे गवयाचे नावही ठाऊक नसते. मद्रास शहरातील एका वसाहतीचे रहिवासी आणि तेथील प्रार्थनास्थळ यांच्यात ढोल, गिटार व ध्वनिवर्धक यांवरून असाच तंटा झाला. इतरांची शांती भंग करून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, असा अभिप्राय सर्वोच्च न्यायालयाने ३० ऑगस्ट २००० रोजी त्यात दिला. त्याच वर्षीच्या केंद्रीय नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आणि रात्री १० ते सकाळी ६ हा काळ शांततेसाठी राखला. २०१० च्या दुरुस्तीने तर बंद सभागृहाबाहेर रात्री वाद्येही वर्ज्य केली. या प्रश्नावर २००५ साली लागलेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामागे एका १३ वर्षांच्या मुलीची हकीकत होती. तिच्यावर अत्याचार होत असता तिच्या हाका शेजारच्या कर्ण्यांच्या संगीतात बुडून गेल्या. केट्टि मेळम् चा हा दुसरा अर्थ आम्हांस त्याआधी कधी सुचला नव्हता.

या नियमांची झळ आम्हांसही लागली, हे लपविण्यात अर्थ नाही. पं. भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये पुण्यास सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्रभर चालणाऱ्या बैठका नियमांमुळे थांबल्या. उत्तररात्रीचे आणि पहाटेचे राग त्या प्रहरी, त्या मंडपात ऐकण्याचे सुख नव्या पिढीस पारखे झाले. सरकारला वर्षातून फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते, पण मध्यरात्री संपणाऱ्या बैठकीत ललत यायचा कसा? हे नुकसान खरे आहे आणि ते भरून निघणारे नाही.

त्या वयस्क गृहस्थांकडे दुसऱ्या दिवशी आम्ही प्रसाद घेऊन गेलो. त्यांनी तो डोक्याला लावून घेतला आणि तमिळमधून विचारले, "ते शेवटचे गाणे कोणते होते? आमच्या हिने अंथरुणातून विचारले आहे." पुढील वर्षापासून कार्यक्रम सायंकाळी पाचला सुरू होऊ लागला, आणि पत्रिका सर्वांआधी त्यांच्या घरी जाऊ लागली.