संगणकीय साठवण साधने आणि त्यांची क्षमता : एक तुलना

बंगळुरू : येथील भारतीय विज्ञान संस्थेत फेब्रुवारी २०२२ मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘परम प्रवेग’ या महासंगणकाची साठवण क्षमता ४ पेटाबाइट आहे. राष्ट्रीय महासंगणन अभियानांतर्गत उभारलेल्या या यंत्रणेतील आज्ञावलींचा संच पुण्यातील ‘सी-डॅक’ या संस्थेने विकसित केला आहे. ४ पेटाबाइट हा आकडा नेमका किती मोठा, हे समजण्यासाठी मापनाची एकके आणि निरनिराळ्या साधनांची क्षमता विचारात घ्यावी लागते.

एकके आणि त्यांतील फरक

शून्य किंवा एक एवढीच नोंद ठेवणारे एकक म्हणजे बिट. आठ बिटांचा एक बाइट होतो. त्यापुढे किलोबाइट, मेगाबाइट, गिगाबाइट, टेराबाइट आणि पेटाबाइट ही एकके प्रत्येकी हजार पटींनी वाढत जातात. मात्र संगणकाची स्मृती दोनच्या घातांत मोजण्याचा प्रघात असल्याने हजाराऐवजी १,०२४ ची पटही दीर्घकाळ वापरली गेली. हा गोंधळ टाळण्यासाठी आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने १९९८ मध्ये किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट अशी स्वतंत्र नावे निश्चित केली. परंतु सर्वसामान्य व्यवहारात ती रुळली नाहीत.

परिणामी, वेष्टनावर १ टेराबाइट असे लिहिलेली हार्ड डिस्क विंडोज प्रणालीत सुमारे ९३१ गिगाबाइट दिसते. उत्पादक हजाराच्या पटीने मोजतो आणि प्रणाली १,०२४ च्या पटीने, एवढेच त्याचे कारण आहे. साडेतीन इंची फ्लॉपीवरील १.४४ मेगाबाइट हा आकडा तर दोन्ही पद्धतींच्या मिश्रणातून आला असून तिची प्रत्यक्ष क्षमता १४,७४,५६० बाइट एवढी असते. सीडीचे ७०० मेगाबाइट १,०२४ च्या, तर डीव्हीडीचे ४.७ गिगाबाइट हजाराच्या हिशेबाने मोजले जातात.

लिपीनुसारही जागेची गरज बदलते. सध्या प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ संकेतपद्धतीत इंग्रजी अक्षरास एक बाइट, तर देवनागरीतील प्रत्येक वर्णचिन्हास तीन बाइट लागतात. ‘मराठी’ या शब्दात दोन स्वरचिन्हांसह पाच चिन्हे असल्याने तो १५ बाइट व्यापतो. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये स्वीकारलेल्या ‘इस्की’ पद्धतीत याच शब्दास पाच बाइट पुरत असत.

साधनांचा क्रम

छिद्रपत्राच्या प्रचलित नमुन्यात ८० स्तंभ, म्हणजे ८० अक्षरे मावत. आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये आणलेल्या पहिल्या व्यापारी हार्ड डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या. तरीही तिची क्षमता आजच्या हिशेबाने केवळ ३.७५ मेगाबाइट भरते. एकपदरी डीव्हीडीत ४.७ गिगाबाइट, तर एकपदरी ब्लू-रे तबकडीत २५ गिगाबाइट माहिती मावते. ‘एलटीओ-९’ या चुंबकीय फितीच्या एका कॅसेटची मूळ क्षमता १८ टेराबाइट आहे. तिच्यासाठी सांगितला जाणारा ४५ टेराबाइट हा आकडा माहिती अडीच पट आक्रसेल, असे गृहीत धरून दिलेला असतो.

‘परम प्रवेग’ची ४ पेटाबाइट क्षमता या साधनांत मांडल्यास चित्र स्पष्ट होते. तेवढ्या माहितीसाठी सुमारे २७१ कोटी फ्लॉपी, ८ लाख ५१ हजार डीव्हीडी, ६४ गिगाबाइटचे ६२,५०० पेनड्राइव्ह, १ टेराबाइटच्या ४,००० हार्ड डिस्क किंवा ‘एलटीओ-९’च्या २२३ कॅसेटी लागतील. डीव्हीडीची जाडी १.२ मिलिमीटर असल्याने त्यांची चळत एक किलोमीटरहून उंच होईल.

क्षमता हाच एकमेव निकष नव्हे

साधनाची निवड केवळ क्षमतेवरून करता येत नाही. चुंबकीय फीत दीर्घकालीन जतनास योग्य असली, तरी हवी ती नोंद शोधण्यासाठी ती गुंडाळत पुढेमागे न्यावी लागते. सॉलिड स्टेट ड्राइव्ह अतिशय वेगवान असतो. परंतु वीजपुरवठ्याविना दीर्घकाळ पडून राहिल्यास त्यातील विद्युतभार क्षीण होऊन माहिती नष्ट होऊ शकते. घरगुती पद्धतीने लिहिलेल्या सीडी-डीव्हीडींतील रंगद्रव्याचा थर उष्णता, आर्द्रता व प्रकाशाने खराब होतो.

बाजारातील बनावट पेनड्राइव्ह व मेमरी कार्डांचा धोका वेगळाच आहे. त्यांतील नियंत्रक चिपमध्ये फेरफार करून प्रत्यक्षाहून अनेक पट क्षमता दाखवली जाते. खरी मर्यादा ओलांडल्यानंतर फायलींची नावे दिसत राहतात. आतील मजकूर मात्र नष्ट झालेला असतो. त्यामुळे नवे साधन पूर्ण भरून आणि ती माहिती पुन्हा वाचून पडताळल्यानंतरच महत्त्वाची कागदपत्रे वा छायाचित्रे त्यात ठेवणे इष्ट ठरते.

बंगळुरूनजीक ब्यालालू येथील भारतीय अवकाश विज्ञान माहिती केंद्रात चांद्रयान, मंगळयान आणि अ‍ॅस्ट्रोसॅट या मोहिमांची निरीक्षणे जतन केली जातात. चांद्रयान-१ चा संपर्क ऑगस्ट २००९ मध्ये तुटला. तिच्या नोंदी मात्र आजही संशोधकांना उपयोगी पडतात. कोणतेही साठवण साधन मात्र कायमस्वरूपी नसते. म्हणून महत्त्वाच्या माहितीच्या किमान तीन प्रती दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर ठेवाव्यात, त्यांपैकी एक अन्य ठिकाणी असावी आणि साधन कालबाह्य होण्यापूर्वी माहिती नव्या साधनावर हलवावी, असा सर्वमान्य संकेत आहे.