कमान, पाटा आणि घोडा

छत्रपती संभाजीनगरात ‘कमान’ म्हटले की डोळ्यांपुढे दरवाजा येतो. भडकल, मकई, पैठण, दिल्ली अशी दरवाजांची नावे घेऊनच इथे पत्ता सांगतात. पण वाळूजच्या रस्त्याला एखाद्या गॅरेजसमोर जुना ट्रेलर जॅकवर उचललेला असेल, तर तिथे कमान म्हणजे वेगळीच वस्तू. एकावर एक रचलेल्या, मधे बोल्टने आवळलेल्या, होडीसारखा वाक असलेल्या पोलादी पट्ट्यांचा जुडगा. त्यातली एकेक पट्टी म्हणजे पाटा. ‘पाटा तुटला’ हे दोन शब्द एसटीने फिरलेल्या कुठल्याही मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाहीत.

दरवाजालाही कमान आणि ट्रेलरलाही कमान, हे कसे? दोन्हींचे कूळ धनुष्याचे. कमान हा फारसी शब्द, मूळ अर्थ धनुष्य. आपल्या ‘तीरकमान’ या जोडशब्दात तो अर्थ अजून शाबूत आहे. धनुष्याच्या आकारावरून दगडी बांधकामाची कमान झाली आणि धनुष्याच्या स्वभावावरून घड्याळाची कमान झाली. वाकवले की वाकायचे, सोडले की पूर्ववत व्हायचे, हा तो स्वभाव. मलिक अंबरने १६१२ मध्ये उभारलेल्या भडकल दरवाजाची कमान भार पेलते, पण वाकत नाही. धनुष्य वाकते, पण त्यावर कुणी ओझे ठेवत नाही. गाडीच्या कमानीला मात्र दोन्ही करावे लागते. भार पेलायचा आणि वाकायचेही.

आणखी एक साम्य आहे. मुघल फौजेतले धनुष्य एकाच काठीचे नसे. लाकूड, शिंग आणि स्नायूंचे तंतू यांचे थर सरसाने चिकटवून ते घडवीत. दाब सोसायला शिंग, ताण सोसायला तंतू. गाडीच्या कमानीतही थर आहेत, फक्त ते चिकटवलेले नसतात, एकमेकांवर सरकतात. त्यामागचे गणित सोपे आहे. पट्टीची जाडी दुप्पट केली की तिचा ताठरपणा आठपट होतो. म्हणजे एकच जाड पट्टी घातली तर ती वाकणार नाही, धक्के थेट सांगाड्याला देईल आणि एक दिवस तडकेल. तेच पोलाद पातळ पाट्यांत वाटून दिले की ओझेही पेलते आणि लवतेही. शिवाय खड्ड्यातून गेल्यावर पाटे एकमेकांवर घासतात, त्या घर्षणाने गाडीचे हिंदकळणे लवकर थांबते. म्हणूनच कित्येक ट्रेलरांना वेगळा शॉक अ‍ॅब्सॉर्बर नसतो.

आपल्या बैलगाडीला ही कमान नव्हती. कणा, तुंबा, आरे, लोखंडी धाव आणि वर साटा. धक्का कण्यातून सरळ बसणाऱ्याच्या कण्यात. युरोपातही घोडागाडीची पेटी बराच काळ चामड्याच्या पट्ट्यांवर टांगलेली असे आणि पुढचा-मागचा आस जोडायला खालून जाड लाकडी तुळई लागे. पोलादी कमानी आल्या होत्या, पण तुळई सुटली नव्हती. लंडनच्या ओबडाया इलियट या गाडी बनवणाऱ्याने १८०४-०५ च्या सुमारास दोन कमानी समोरासमोर जोडून लंबवर्तुळाकार स्प्रिंग बसवली आणि ती तुळईच काढून टाकली. गाडी हलकी झाली, बुटकी झाली आणि मऊ झाली. पुढे ती कमान टांग्यांना आली, रेल्वेच्या वाघिणींना आली. १९०० च्या सुमारास हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे मनमाडला जोडली गेली आणि आपले शहर रुळांवर आले. १९३२ मध्ये निजाम सरकारच्या रेल्वे खात्याने रस्ता वाहतूक सुरू केली, तीही २७ बसगाड्यांनिशी. १९५४ मध्ये टेल्कोने डाइमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला मालमोटारी बनवायला घेतल्या. घोडा गेला, इंजिन आले, पण पाटे तेच राहिले. एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा चिकलठाण्याला आली आणि १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, तसा या शहराचा ट्रकशी आणि पुढे ट्रेलरशी रोजचा संबंध जडला.

ट्रेलरची गंमत अशी की त्याने घोडागाडीची नावेही सोडली नाहीत. पुढच्या इंजिनाच्या भागाला ड्रायव्हर मंडळी आजही ‘घोडा’ म्हणतात. घोडा सुटला, घोडा लागला, घोडा दुसऱ्या ट्रेलरला गेला. घोडा आणि ट्रेलर जिथे जोडतात त्या ग्रीस थापलेल्या जाड तबकडीचे नाव ‘फिफ्थ व्हील’, म्हणजे पाचवे चाक. चार चाकांच्या बग्गीत पुढचा आस वळावा म्हणून त्यावर एक आडवे कडे बसवत, तेच हे पाचवे चाक. ते जमिनीला कधी टेकत नसे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत ट्रकला ट्रेलर जोडायची तबकडी निघाली, तेव्हा तिला हेच नाव चिकटले. त्यात अडकतो तो ट्रेलरखालचा खुंटा म्हणजे किंगपिन.

आता त्या जॅकवरच्या ट्रेलरकडे येऊ. जुन्या ट्रेलरमध्ये पाट्याच्या आधी झिजतात ते त्याचे सांधे, म्हणजे बुश, शॅकलची पिन आणि दोन कमानींच्या मधला तराजूच्या दांडीसारखा दुवा. मागच्या-पुढच्या आसांवर भार सारखा वाटायचे काम हा दुवा करतो आणि प्रत्येक खड्ड्याला तो हलतो. ग्रीस पोहोचले नाही की बुश संपतो, पिन थेट लोखंडाला घासते आणि गोल भोकाचे अंडे होते. मग आस तिरका चालतो आणि टायर एका अंगाने झिजतो. मालक टायर बदलतो. पंधरा-वीस दिवसांत नवा टायरही तसाच झिजतो, तेव्हा कुठे कमानीकडे लक्ष जाते.

दुसरे दुखणे यू-बोल्टचे. तो कमान आसाला आवळून धरतो. तो ढिला झाला की सगळा ताण मधल्या सेंटर बोल्टवर येतो. तो तुटला की आस जागेवरून सरकतो आणि पाटाही नेमका मधल्या भोकापाशीच तडकतो, कारण भोक पाडलेली जागा मुळातच कमजोर. म्हणून जाणता मिस्त्री काही नियम पाळतो. एका बाजूचा पाटा गेला तरी दोन्ही बाजूंच्या कमानी तपासायच्या, नाहीतर ट्रेलर कलून चालतो. कमान खोलली की यू-बोल्ट नवे घालायचे, कारण ताणलेला जुना बोल्ट पुन्हा तेवढा आवळला जात नाही. भरलेल्या गाडीची पहिली फेरी झाली की बोल्ट परत आवळायचे. आणि तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग मारायचे नाही. हे पोलाद सिलिकन-मँगनीजचे, तापवून, तेलात विझवून, पुन्हा बेताने तापवून त्याला पाणी दिलेले असते. वेल्डिंगच्या आचेने ते पाणी उतरते आणि पाटा जोडाशेजारीच मोडतो.

घाट उतरणाऱ्या भरल्या ट्रेलरखाली असा डागडुजीचा पाटा असावा, हे कुणालाही परवडणारे नाही. अलीकडे हवेच्या फुग्यांची सस्पेन्शन आली आहेत, कमी पाट्यांच्या पॅराबोलिक कमानीही आल्या आहेत. तरी अवघड रस्ता आणि जड माल म्हटला की मालक जुन्या कमानीवरच विश्वास टाकतो. ती मोडली तर रस्त्याकडेला दुरुस्त होते आणि मोडण्याआधी करकरून सांगतेही.

काढलेला पाटा भंगारात जातो, पण तिथे त्याची कुळकथा संपत नाही. चांगले पोलाद लोहाराच्या नजरेतून सुटत नाही. रस्त्याकडेला पाल टाकणारे घिसाडी तो पाटा तापवून, ठोकून, त्याची कुऱ्हाड, पारई, विळा करतात. आणि कोयता. ऊसतोडीला जाणाऱ्या मराठवाड्यात ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्या कोयत्याने तोडलेला ऊस पुन्हा पाट्यांवरच लादला जातो.