भाड्याचा सर्व्हर आणि फुकटचा डेटाबेस

वेब-अनुप्रयोगासाठी डेटाबेस आणि सर्व्हर यांची निवड करणे हा आज अभ्यासपूर्वक घ्यायचा तांत्रिक निर्णय मानला जात असला, तरी १९९५ ते २००५ या दशकात लहान संस्थळांच्या बाबतीत ही निवड प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हाती क्वचितच असे. सर्व्हर भाड्याने देणारी कंपनी ती आधीच करून मोकळी झालेली असे. त्या काळात सर्वाधिक पसरलेल्या डेटाबेसच्या यशाचे कारण त्याच्या गुणांपेक्षा या भाडेव्यवस्थेत शोधणे अधिक योग्य ठरते.

डेटाबेसशास्त्राचा पाया मात्र वेबच्या कितीतरी आधी घातला गेला होता. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये संबंधाधारित प्रारूप मांडले. माहिती ओळी आणि स्तंभांच्या तक्त्यांत ठेवावी आणि ती चकतीवर नेमकी कुठे, कशी साठवली आहे याची काळजी वापरणाऱ्याने करू नये, असे त्याचे सूत्र होते. त्यातून आयबीएमचा सिस्टिम आर आणि बर्कले विद्यापीठातील मायकेल स्टोनब्रेकर व यूजीन वाँग यांचा इंग्रेस हे दोन प्रकल्प उभे राहिले, तर १९७९ मध्ये ओरॅकलने आपला डेटाबेस बाजारात आणला. या परंपरेचा कणा म्हणजे ट्रान्झॅक्शन, अर्थात अनेक पायऱ्यांचे काम एकतर पूर्ण व्हावे किंवा मुळीच होऊ नये ही हमी. एका खात्यातून वजा झालेली रक्कम वीज गेल्यामुळे दुसऱ्या खात्यात जमाच झाली नाही, असे होऊ न देणे हे तिचे काम.

ही हमी महाग होती. डॉट-कॉमच्या भरभराटीत गुंतवणूकदारांचा पैसा हाताशी असलेल्या कंपन्या सन मायक्रोसिस्टिम्सची यंत्रे आणि त्यांवर ओरॅकल अशी जोडी सर्रास घेत. परंतु महिना काही डॉलर भाड्यात संस्थळ चालवणाऱ्याला ती परवडणे शक्यच नव्हते. मायक्रोसॉफ्टने विंडोज, आयआयएस हा वेब-सर्व्हर आणि एसक्यूएल सर्व्हर असा स्वतःचा संच पुढे केला. तो शिकायला सोपा होता आणि कार्यालयांत रुजलाही, पण त्यालाही परवानाशुल्क होतेच. शिवाय २००१ मध्ये आयआयएसवर कोड रेड आणि २००३ मध्ये एसक्यूएल सर्व्हरवर स्लॅमर या कृमींनी केलेल्या हल्ल्यांनी त्याच्या लौकिकाला धक्का बसला.

दरम्यान फुकट उपलब्ध असलेल्या साधनांची एक साखळी जुळत गेली, आणि योगायोग असा की तिचे तीन महत्त्वाचे दुवे १९९५ या एकाच वर्षी लोकांसमोर आले. अमेरिकेतील एनसीएसए या संस्थेच्या वेब-सर्व्हरचा मूळ कर्ता संस्था सोडून गेल्यावर त्यात परस्पर दुरुस्त्या करणाऱ्यांनी एकत्र येऊन अपाची तयार केला. रासमुस लेरडॉर्फ यांनी आपल्या वैयक्तिक पानासाठी लिहिलेली पीएचपी ही साधने खुली केली. स्वीडनमध्ये मायकेल विडेनियस, डेव्हिड अ‍ॅक्समार्क आणि अ‍ॅलन लार्सन यांनी मायएसक्यूएल हा डेटाबेस आणला. लिनक्स या कार्यप्रणालीसह या चौघांच्या आद्याक्षरांवरून ‘लॅम्प’ हे नाव १९९८ मध्ये एका जर्मन संगणक-नियतकालिकाने रूढ केले.

भाड्याच्या व्यवस्थेत एकाच यंत्रावर शेकडो ग्राहकांची संस्थळे नांदत असल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला येणारी स्मृती आणि प्रक्रियाशक्ती तुटपुंजी असे. मायएसक्यूएल प्रत्येक जोडणीसाठी एकाच प्रक्रियेतला हलका धागा वापरे, तर पोस्टग्रेस हा दुसरा फुकट डेटाबेस प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रक्रिया उभी करी. पान उघडताच जुळणाऱ्या आणि क्षणात तुटणाऱ्या जोडण्यांच्या वेबवर हा फरक भाडे आकारणाऱ्याच्या नजरेतून सुटणारा नव्हता. पीएचपीच्या चौथ्या आवृत्तीसोबत मायएसक्यूएलशी बोलणारे ग्रंथालय आयतेच मिळे, आणि मायएसक्यूएल घरच्या विंडोज संगणकावरही चाले. पोस्टग्रेसची खास विंडोजसाठी बांधलेली आवृत्ती येण्यास २००५ साल उजाडले; तोवर नवशिक्यांची एक पिढी मायएसक्यूएलवर तयार होऊन गेली होती.

मायएसक्यूएलने हा वेग काय सोडून मिळवला, हे पाहण्यासारखे आहे. त्याच्या मायआयएसएएम या साठवणपद्धतीत ट्रान्झॅक्शनची सोय नव्हती, आणि एखाद्या तक्त्यातील जुनी ओळ बदलताना संपूर्ण तक्त्याला कुलूप लागत असे. एका तक्त्यातील नोंद दुसऱ्या तक्त्यातील अस्तित्वात असलेल्या नोंदीकडेच निर्देश करील, अशी सक्ती करणारा ‘फॉरेन की’ हा नियम लिहिला तर डेटाबेस तो निमूटपणे वाचे आणि तितक्याच निमूटपणे विसरून जाई. त्या काळच्या नियमपुस्तिकेत तर असे नियम का वापरू नयेत याची कारणेच दिलेली होती. ३१ फेब्रुवारी ही तारीखही तो विनातक्रार स्वीकारत असे. कॉड यांच्या परंपरेत वाढलेल्यांना हा पोरखेळ वाटला, आणि त्यांचे म्हणणे तत्त्वतः खरेच होते. तरीही त्या काळची बहुसंख्य संस्थळे म्हणजे क्वचित लिहिली जाणारी आणि वारंवार वाचली जाणारी पाने होती, आणि एवढ्या कामाला मायआयएसएएम पुरून उरत असे. पडताळणीचे ओझे डेटाबेसने प्रोग्रॅमवर ढकलले होते; ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी पेलले की नाही, हे बहुधा काही वर्षांनी नोंदी विस्कटल्यावरच कळे.

पोस्टग्रेसची बाजू निर्दोष होती असे मात्र नाही. इंग्रेसनंतर स्टोनब्रेकर यांनीच १९८६ मध्ये सुरू केलेल्या आणि पुढे स्वयंसेवकांनी सांभाळलेल्या या डेटाबेसमध्ये २००१ मध्ये ७.१ ही आवृत्ती येईपर्यंत तक्त्याच्या एका ओळीत सर्वसाधारण मांडणीनुसार ८ किलोबाइटपेक्षा अधिक मजकूर मावत नसे. देवनागरीत ही मर्यादा जेमतेम २,७०० चिन्हांची होते, म्हणजे एखादा मध्यम लांबीचा लेखसुद्धा सरळ साठवता येत नसे. शास्त्रशुद्धतेच्या जोरावर पोस्टग्रेसने तेव्हाच बाजी मारायला हवी होती, असे म्हणणाऱ्यांना ही अडचण सहसा आठवत नाही.

मायएसक्यूएलची उणीव फिनलंडच्या हेइक्की टूरी यांच्या इनोडीबी या साठवणपद्धतीने २००१ पासून भरून काढली. ती बनवणारी कंपनी २००५ मध्ये ओरॅकलने विकत घेतली. २००८ मध्ये सनने सुमारे १ अब्ज डॉलरना मायएसक्यूएलची मूळ कंपनी घेतली आणि २०१० मध्ये सनच ओरॅकलच्या पोटात गेली. विडेनियस यांनी त्याआधीच मारियाडीबी ही वेगळी शाखा काढली होती. परवाना मुक्त असला तरी मालकी बदलू शकते, हे ध्यानात आल्यावर ज्याचा कोणी एक मालक नाही अशा पोस्टग्रेसकडे अनेकांचे लक्ष नव्याने वळले. २००६ नंतर अ‍ॅमेझॉनने तासाच्या हिशेबाने अख्खा आभासी सर्व्हर देऊ केल्यावर भाडेकरूला हवा तो डेटाबेस बसवण्याची मोकळीकही मिळाली.

जुन्या निवडीचे परिणाम मात्र तक्त्यांत साचून राहिले होते, आणि मराठी मजकुराला त्यांची झळ थेट बसली. युनिकोडच्या यूटीएफ-८ या लेखनपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत लिहिले जाते. ‘म’ म्हणजे २२४, १६४ आणि १७४ हे तीन अंक. २००४ पूर्वीच्या मायएसक्यूएलला युनिकोड ठाऊक नसल्याने ‘मराठी’ हा पाच चिन्हांचा शब्द तो पंधरा पश्चिम युरोपीय अक्षरांचा समजे. परिणामी २५५ अक्षरांच्या स्तंभात देवनागरीची ८५ चिन्हेच मावत, आणि त्यापुढचा मजकूर, प्रसंगी एखादे चिन्ह मधोमध तोडून, गुपचूप कापला जाई. ४.१ आवृत्तीत युनिकोड आले, परंतु ‘यूटीएफ८’ या नावाखाली कमाल तीन बाइटांची सोय केली गेली. देवनागरीचे त्यात भागले. मोडी लिपीचे भागले नाही: २०१४ मध्ये युनिकोडमध्ये दाखल झालेल्या मोडीच्या प्रत्येक चिन्हाला चार बाइट लागतात, आणि असे चिन्ह आले की ढिल्या नियमांवर चालणारा मायएसक्यूएल तिथून पुढचा सारा मजकूर टाकून देई.

चार बाइटांची ‘यूटीएफ८एमबी४’ ही पद्धत २०१० मध्ये उपलब्ध झाली, तरी जुने तक्ते तिच्यात नेणे सोपे नव्हते. इनोडीबीच्या अनुक्रमणिकेत, म्हणजे शोध जलद व्हावा म्हणून ठेवलेल्या सूचीत, एका स्तंभाला ७६७ बाइटांची मर्यादा होती. तीन बाइटांच्या हिशेबाने २५५ चिन्हांना ७६५ बाइट पुरत, चारच्या हिशेबाने १,०२० लागत. २०१५ मध्ये मायएसक्यूएलवर चालणाऱ्या वर्डप्रेस या संस्थळ-प्रणालीने ४.२ आवृत्तीत हे स्थलांतर केले, तेव्हा त्याला आपल्या अनुक्रमणिकांतील स्तंभ १९१ चिन्हांवर आखडावे लागले, कारण १९१ गुणिले चार म्हणजे ७६४. मायएसक्यूएलने २०१८ मध्ये चार बाइटांची पद्धत आपोआप लागू होणारी केली आणि ७६७ ची अट नव्या तक्त्यांच्या मांडणीत त्याआधीच सैल झाली होती. वर्डप्रेसच्या तक्त्यांत १९१ हा आकडा तरीही कायम राहिला.