ताव, पाणी आणि कस : द्रव्यविज्ञानाची प्रस्तावना

या विषयाला मराठीत नाव देतानाच पहिली अडचण येते. ‘पदार्थविज्ञान’ म्हणावे, तर ते नाव भौतिकशास्त्राने केव्हाच घेतले आहे. ‘साहित्यशास्त्र’ म्हणावे, तर वाचक मम्मटाचा ग्रंथ शोधू लागेल. म्हणून या पुस्तकात मी ‘द्रव्यविज्ञान’ हा शब्द वापरला आहे, आणि कॉलेजात सगळे म्हणतात ते ‘मटेरिअल्स सायन्स’ही जागोजागी राहू दिले आहे. जगातही हे नाव फार जुने नाही. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या धातुशास्त्र विभागाने ते धारण केले, मग इतरांनी. तोवर धातू एकाकडे, चिनी माती नि काच दुसऱ्याकडे, प्लास्टिक रसायनवाल्यांकडे, अशी वाटणी होती. या सगळ्यांना विचारायचा प्रश्न एकच आहे हे उमगले, तेव्हा विषय उभा राहिला : वस्तूची आतली रचना कशी आहे, कोणत्या प्रक्रियेने ती तशी झाली, आणि त्यामुळे वस्तू वागते कशी?

प्रश्न मात्र आपल्या भाषेत कधीपासून मुरलेला आहे. पात्याला आपण पाणी देतो, आणि पाते पाणीदार होते. लाल तापलेले पोलाद पाण्यात बुडवले की कार्बनच्या अणूंना बाहेर पडायला सवड मिळत नाही. ते लोखंडाच्या अणूंच्या मांडणीत अडकतात, मांडणी ताणली जाते. पाते कठीण होते, पण ठिसूळही. मग मंद आच देऊन त्याचा ठिसूळपणा उतरवावा लागतो. तांबट याच्या उलट वाटेने जातो. हातोडीखाली तांबे कडक झाले की तो त्याला ताव देतो. आत ताणरहित नवे कण तयार होतात आणि पत्रा पुन्हा वाकू लागतो. ‘तावून-सुलाखून’ हा शब्द तर मी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहीत असे. सोने तापवायचे, मग त्याला भोक पाडून पाहायचे, की वर दिसते तेच आत आहे ना. पृष्ठभागावर विश्वास ठेवायचा नाही, हा या शास्त्राचा पहिला धडा त्यात आहे.

तुकोगंजातल्या आमच्या फाटकाशी कल्हईवाला बसायचा. तापल्या पातेल्यात नवसागराची चिमूट, पांढरा धूर, कथलाचा एक ओघळ, कापसाचा बोळा फिरवला की आतली बाजू चांदीसारखी. धूर कशाला हवा, हे मला कितीतरी वर्षांनी कळले. तांब्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा नवसागर काढून टाकतो. त्याशिवाय कथील तांब्याला धरतच नाही. आणि धरते तेव्हा ते नुसते चिकटलेले नसते, सांध्यात तांबे आणि कथील यांचे नवे संयुग तयार झालेले असते. कथील २३२ अंशांना वितळते, तांबे १०८५ला. या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत त्या माणसाची सगळी कारागिरी होती.

आम्हा इंदूरकरांना आणखी एक मोठा गुरू जवळच लाभला आहे. इथून साठ-पासष्ट किलोमीटरवर, पवारांच्या धारमध्ये, लाट मशिदीजवळ एक लोहस्तंभ तीन तुकड्यांत आडवा पडला आहे. तुकडे जोडले तर लांबी १३ मीटरच्या वर जाते. दिल्लीचा प्रसिद्ध स्तंभ सव्वासात मीटरच्या आतबाहेर आहे. धारच्या स्तंभाचे वजन सुमारे सात टन. परंपरा तो भोजराजाच्या काळाशी जोडते. हे लोखंड ओतलेले नाही. भट्टीत खनिजाचे लोखंड झाले ते न वितळताच. त्याचे गोळे तापवून, एकावर एक ठोकून सांधत हा प्रचंड दांडा वाढवत नेला. म्हणून त्याच्या पोटात मळीचे कण अजून सापडतात. त्याच्या अंगावर भोके आहेत. घडवताना दांडे खोचून तो फिरवण्यासाठी ती असावीत, असा अंदाज आहे. कानपूर आयआयटीचे आर. बालसुब्रमण्यम यांनी दिल्लीच्या आणि धारच्या स्तंभांचा बारकाईने अभ्यास केला. दिल्लीच्या लोखंडात सुमारे पाव टक्का फॉस्फरस आहे, आजच्या पोलादात आपण त्याला ठिसूळपणाच्या भीतीने थाराच देत नाही. जुन्या भट्टीत चुनखडी घालत नसत, म्हणून तो धातूतच राहिला, आणि त्याच्यामुळे पृष्ठभागावर गंजाला अडवणारा घट्ट थर तयार झाला. दोष मानलेल्या गोष्टीने हजारांहून अधिक वर्षे राखण केली. मी हे विद्यार्थ्यांना सांगतो तेव्हा दरवेळी मलाच नव्याने आनंद होतो.

या विषयात पदव्युत्तर अभ्यासाला यायला धातुशास्त्राचीच पदवी लागते असे नाही. मेकॅनिकल, केमिकल, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, सगळीकडून मुले येतात आणि प्रत्येकाला काही ना काही नव्याने शिकावे लागते. भौतिकीवाल्याला प्रावस्था-आकृत्या जड जातात, मेकॅनिकलवाल्याला स्फटिकांची सममिती. घाबरू नका. एमटेकची दोन वर्षे, त्यातले दुसरे बहुतांशी प्रबंधाचे. पहिल्या वर्षात उष्मागतिकी आणि विसरण हे दोन विषय मनापासून करा. बाकीचे सगळे त्यांच्यावर उभे आहे.

साधनांसाठी दूर जायची गरज नाही. रवींद्रनाथ टागोर मार्गावरचे विद्यापीठाचे कार्यालय आमच्यापासून पायी अंतरावर. त्याच देवी अहिल्या विद्यापीठाच्या खंडवा रोडवरच्या आवारात यूजीसी-डीएई वैज्ञानिक संशोधन संघ आहे, जिथे देशभरच्या विद्यापीठांतले विद्यार्थी अतिशीत तापमानात नमुने तपासायला येतात. राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ आहे : १७२.५ मीटर परिघाच्या कड्यात इलेक्ट्रॉन फिरतात, आणि त्यांच्या वळणावर निघणारे क्ष-किरण अणूंच्या मांडणीचा पत्ता देतात. सिमरोलला आयआयटीत या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. पीथमपूरच्या कारखान्यांत हा विषय रोज राबतो.

तरीही माझे मत असे, की पहिले सहा महिने मोठ्या यंत्रापाशी जाऊच नये. पोलादाचा साधा तुकडा घ्यावा, पॉलिश पेपरवर हाताने घासावा, दर टप्प्याला नव्वद अंशांत फिरवावा, आरशासारखा झाला की नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलच्या द्रावणात काही सेकंद धरावा. आम्ल कणांच्या सीमांवर जास्त खाते. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली एकदम कणांची नक्षी उमटते. हाताला कंटाळा येईल, ओरखडे राहतील, नमुना पुन्हा घासावा लागेल. बिघडलेल्या नमुन्याचीही वहीत नोंद करा; माझ्या एका विद्यार्थ्याचा प्रबंध अशाच एका बिघडलेल्या नमुन्यातून निघाला. आज सगळ्यांना बॅटरी आणि नॅनो हवे असते. ते करावेच, पण लोखंडापासून सुरुवात करून.

आणि या पुस्तकाचे पहिले प्रकरण उघडण्याआधी एका रविवारी सकाळची धारची बस पकडा. सोबत एक भिंग असू द्या. स्तंभाच्या तुटलेल्या टोकापाशी बसा आणि लोखंड कुठे सांधले होते ते शोधा.

दक्षिण तुकोगंज, इंदूर