आबाजींचा चष्मा आणि डोळ्याचा पडदा

आजचा भाग आबाजींच्या चष्म्यावरून सुरू करतो. सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारख्या जाड काचा होत्या त्याच्या. 1982 मध्ये गडचिरोली चंद्रपूरपासून वेगळा झाला, त्याच्या वर्षभर आधी शाळेत भरलेल्या शिबिरात त्यांचा मोतीबिंदू काढला होता.

तेव्हा मोतीबिंदू आवरणासकट अख्खाच बाहेर काढायचे. डोळ्यात भिंग उरायचं नाही, म्हणून तो चष्मा. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते आवरण. त्याची मागची बाजू डोळ्यातल्या जेलीला अडवून धरते. ती गेली की जेली पुढे सरकते, पडद्याला ओढ बसते, कधी तो फाटतो. फटीतून पाणी मागे शिरतं आणि पडदा ओल्या भिंतीच्या पोपड्यासारखा सुटतो. मूळ दुखणं त्या छिद्रात आहे, हे लोझानच्या ज्यूल गोनँनी 1920 च्या दशकात छिद्र डागून, बंद करून दाखवलं. त्याआधी पडदा सुटला की नजर गेलीच म्हणायची.

1949 मध्ये इकडे वरोऱ्याला बाबा आमटे महारोगी सेवा समिती उभी करत होते. त्याच वर्षी लंडनमध्ये हॅरल्ड रिडलेंनी डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. त्यांनी मागचं आवरण जागेवरच ठेवलं होतं. आपल्या शिबिरांमध्ये ही पद्धत रुळायला चाळीसेक वर्षं गेली! जागतिक बँकेच्या मदतीचा मोतीबिंदू प्रकल्प 1994 च्या सुमारास सुरू झाला, त्यात महाराष्ट्र होता.

आवरण राखल्याने धोका पुष्कळ घटला, संपला नाही. ऑपरेशनमध्ये आवरण फाटून जेली बाहेर आली तर तो वाढतो. मोठा मायनस नंबर, कमी वय, डोळ्याला लागलेला मार, दुसऱ्या डोळ्याचा पडदा आधी सुटलेला असणं, यांनीही वाढतो. पुरुषांत जरा जास्तच. आणि ऑपरेशननंतर काही वर्षांनीही हे होऊ शकतं.

आबाजींना रोवणीच्या दिवसांत वीज चमकल्यासारखं दिसू लागलं. मग काजळीचे ठिपके. दुखत काहीच नव्हतं, म्हणून कुणाला बोलले नाहीत. शिबिरातून निघताना थेंब कसे टाकायचे ते सांगितलं होतं, हे नव्हतं सांगितलं. दिवाळीत म्हणाले, डावीकडून येणारा माणूस दिसत नाही. लोक म्हणाले, म्हातारपण.

पडद्याचा मधला भाग सुटायच्या आत ऑपरेशन झालं तर नजर वाचते, आणि तो हिशेब दिवसांचा असतो. पावसाळ्यात पर्लकोटा चढली की भामरागडचा रस्ताच बंद, आणि तिथून नागपूर तीनशे किलोमीटरच्या वर. आबाजींचं गाव एवढं आडबाजूला नव्हतं. तरी ते नागपूरला पोचले तेव्हा होळी होऊन गेली होती.